सात–एकवीस

पत्र साधंच होतं. आठ-दहा ओळींचं, सोमवारी सकाळी साडेदहाला आलेलं, आणि शेवटी ‘आपला वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व’ असं लिहिलेलं. क्षमा मागणारी पत्रं त्याला रोजच येत. कुणाला भाषण हवं असे, कुणाला शिफारस, कुणाला नुसतंच कळवायचं असे की सर, तुमच्यामुळे या विषयाकडे वळलो. हे पत्र संख्याशास्त्रातल्या एका बाईंचं होतं. त्या कुठल्याशा विद्यापीठात बसून जुन्या औषधांच्या जुन्या चाचण्यांचे तक्ते एकमेकांशी ताडून बघत होत्या. त्यांनी लिहिलं होतं, आपल्या एकतीस वर्षांपूर्वीच्या निबंधात, दुसऱ्या तक्त्यात, रुग्ण क्रमांक सात, स्त्री, वय छत्तीस, हिचं रक्त एकविसाव्या दिवशी घेतल्याची नोंद आहे. त्याच चाचणीवर वॉर्डाच्या डॉक्टरांनी नंतर जो वेगळा लेख लिहिला, त्यात छत्तीस वर्षांची एक स्त्री एकोणिसाव्या दिवशी दगावल्याचं म्हटलं आहे. अकरा रुग्णांत छत्तीस वर्षांच्या दोन स्त्रिया होत्या का? तसं असल्यास एका ओळीत कळवलंत तरी पुरे. त्याने पत्र तीनदा वाचलं. मग काय करावं, तर टेबलावरच्या पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. तो पेन्सिलीने लिहीत नसे. ती तिथे कधीपासून पडली होती देव जाणे. टोक निघालं, मोडलं, परत काढलं, परत मोडलं, आणि पेन्सिल बोटभर उरली. चहा केव्हाच निवला होता.

एकतीस वर्षं! एकतीस वर्षांत नऊ हजार नऊशे एक्याण्णव निबंधांच्या तळाशी त्याचं नाव गेलं होतं. नऊ हजार नऊशे एक्याण्णव वेळा कुणीतरी, कुठेतरी, आपलं म्हणणं पक्कं करायला त्याचा आधार घेतला होता. त्यातल्या किती जणांनी तो दुसरा तक्ता उघडून पाहिला असेल? शंभर? पन्नास? बाकीच्यांनी शाळेत गृहपाठ उतरवतात तसं आधीच्याचं बघून नाव उतरवलं होतं. एका महाभागाने त्याच्या निबंधाचं साल चुकीचं टाकलं होतं, तर पुढच्या सव्वाशे जणांनी ते चुकीचं साल इमानेइतबारे पुढे नेलं होतं. या गोष्टीवर तो भाषणात हमखास हशा घ्यायचा. लोक हसायचे आणि खाली आपापल्या लेखात जाऊन तेच करायचे. आणि त्याचं तरी काय बिघडत होतं? शरीराची राखण करणाऱ्या पेशी कधी कधी उलटतात, घरच्यांवरच धावून जातात. असल्या रोगावर तेव्हा एक नवं औषध आलं होतं. औषध सुरू केल्यापासून शून्य, सात, चौदा आणि एकवीस अशा दिवशी रक्त घ्यायचं आणि त्यातल्या उलटलेल्या पेशी मोजायच्या, एवढंच त्याचं काम होतं. पहिले चौदा दिवस काही नाही, आणि एकविसाव्या दिवशी एकदम उतार. औषध यथावकाश बाजारातून गेलं, त्याच्याहून बरी दहा आली, पण ‘एकविसाव्या दिवसाचा उतार’ राहिला. तो पाठ्यपुस्तकात गेला, परीक्षेत आला. संस्थेत त्याला पाठीमागे ‘एकवीस’च म्हणत. एकवीस आलेत का? एकवीस आज तापलेत, जरा जपून. हे त्याला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर आवडायचंही.

तेवढ्यात संचालक आत आले. ते वयाने त्याच्याहून वीस वर्षांनी लहान. मान भरपूर द्यायचे आणि देता देता घड्याळ बघायचे.

“सर, फक्त नऊ कमी आहेत.”

“कशाला?”

“कशाला काय! दहा हजारांना. शुक्रवारपर्यंत होतायत बघा. ग्रंथालयात सांगून ठेवलंय, दिवसातून दोनदा बघा म्हणून. आणि समजा अडलेच एक-दोन, तर आपलीच मंडळी आहेत की. टाकतील संदर्भ.”

“एवढी घाई कसली त्यात?”

“घाई नाही सर, पण तुम्ही निवृत्त व्हायच्या आत पाटी लागली पाहिजे. जिन्यासमोर, आल्याआल्या दिसेल अशी. नाव बारीक आणि आकडा ठसठशीत. रागावू नका हं, पण नुसतं नाव कोण वाचतं? आकडा बोलतो.”

तो हसला. हसण्याची सवय असते, ती अशा वेळी कामाला येते. संचालक गेले, दार त्यांच्या मागे हळू मिटलं, आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खाली संस्थेचं अंगण, अंगणापलीकडे रुग्णालयाची मागची बाजू. तिसऱ्या मजल्यावर डावीकडून चौथी खिडकी. आता तिथे कचेरी झाली होती, खिडकीत फायलींचे गठ्ठे दिसत. इतकी वर्षं या खोलीत बसून त्याने खुर्ची मुद्दाम अशी लावली होती की ती खिडकी पाठीशी राहील. कुणी विचारलं तर सांगायचा, डोळ्यांवर ऊन येतं.

चाचणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बसून त्याने सगळ्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. अकरा रुग्ण, प्रत्येकी चार नळ्या, चव्वेचाळीस चिठ्ठ्या. रुग्णाचा आकडा, रेघ, दिवसाचा आकडा. ऐन वेळी धांदलीत चुका होतात, म्हणून सगळं आधी लिहून ठेवायचं, ही पद्धत त्याचीच. तिचा त्याला कोण अभिमान! ताईला चाचणीत घेतलं तेही त्यानेच. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिची बोटं सकाळी वळत नसत, गालांवर लाल चट्टे उठायचे, मूत्रपिंडं कुरकुरायला लागली होती, आणि दोन डॉक्टरांनी हात टेकले होते. तो वॉर्डाच्या डॉक्टरांच्या मागे लागला, हातापाया पडला, अकरांतली एक जागा तिला मिळवून दिली. ताई म्हणाली, “शहाण्या, तुला बरं वाटणार असेल तर टोच बाबा.” ती त्याला शहाण्याच म्हणायची, लहानपणी चिडवायला म्हणायची, पुढे लाडाने, आणि शेवटी शेवटी दोन्हींतलं काय ते कळेनासं झालं होतं. पहिल्या दिवशी नळीवरची चिठ्ठी बघून म्हणाली, “सात? अरे, सख्ख्या बहिणीला पहिला नंबर तरी द्यायचास!” शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली. सातव्या दिवशी ताई बरी होती. चौदाव्या दिवशी तिला ताप होता, पण तिने हात पुढे केला, आणि भिंतीकडे बघत ठकूच्या शाळेचं काय काय सांगत राहिली. ठकू म्हणजे तिची आठ वर्षांची लेक. ती खाली अंगणात आपल्या वडिलांचं बोट धरून उभी असायची, वर यायची परवानगी नव्हती तिला. रक्त काढून झालं की तो खिडकीतून तिला हात करायचा.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. छाती भरत चाललीय, म्हणाले. परवापर्यंत थांबू नका, तुम्हाला जे घ्यायचं ते आज घ्या. किती सरळ वाक्य! दुसरा कुणी भाऊ असता तर त्याने त्याचा अर्थ ओळखला असता, खाटेपाशी बसून राहिला असता, हात हातात घेतला असता. हा शहाणा प्रयोगशाळेत गेला आणि नळी घेऊन आला. तिच्यावर लिहिलेलं होतं सात–एकवीस. दोन दिवस आधी घेतोय, चिठ्ठी मग बदलू, असं मनाशी म्हणाला. शीर सापडेना. दोनदा टोचावं लागलं. नळी भरत आली तेव्हा ताई डोळे मिटून होती, ओठ कोरडे पडलेले, आणि त्या ओठांतून एकच शब्द आला. “बस.” बस म्हणजे पुरे, आता नको टोचूस, असं त्याने घेतलं. सुई काढली, कापूस दाबला, तिचा अंगठा त्यावर नीट ठेवला आणि म्हणाला, “झालंच ताई. एवढं ठेवून येतो पटकन. रक्त थांबत नाही.” आणि निघाला. मधे दोन जिने आणि एक अंगण. अंगणात ठकूने विचारलं, मामा, आई काय करतेय? तो न थांबताच म्हणाला, झोपलीय. वर येऊन त्याने नळी फ्रिजमध्ये सातच्या खोबणीत उभी केली, फ्रिजचं दार लावलं, आणि टेबलावरचा फोन वाजला.

पुढचे दोन दिवस त्याला आठवत नाहीत म्हटलं तरी चालेल. माणसं होती, चपला होत्या दाराशी, आईला कुणीतरी धरून बसवलं होतं. ‘बस’ या शब्दाचा दुसरा अर्थ त्याच्या अंगावर आला तो त्या गर्दीतच. कुणीतरी खुर्ची पुढे ओढून म्हणालं, “बस जरा, किती वेळ उभा आहेस,” आणि तो तसाच उभा राहिला. नाही, नाही, ती पुरे म्हणाली. दोनदा टोचल्यावर कुणीही तेच म्हणेल. हे त्याने स्वतःला तेव्हा समजावलं आणि नंतर एकतीस वर्षं समजावत राहिला, आणि समजावावं लागत होतं यातच काय ते आलं. एकविसाव्या दिवशी बाकीच्या दहा जणांचं रक्त घ्यायचं होतं, म्हणून तो कामावर गेला. लोक म्हणाले, धीराचा माणूस. फ्रिज उघडला तर सातची नळी आपल्या जागी उभी होती. वास्तविक ती टाकायची. दोन दिवस फ्रिजमध्ये राहिलेल्या रक्तावर हे काम करत नाहीत. पेशी आपोआप मरतात, मोजून काय मोजणार? हे त्याला ठाऊक होतं, तिथे बाटल्या धुणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. टाकायची म्हणजे पिवळ्या पिशवीत टाकायची, हातमोजे नि कापसाच्या बोळ्यांबरोबर. त्याने नळी हातात घेतली. हातात घेतल्यावर ती बर्फासारखी गार लागली, आणि त्याच्याच्याने पिवळ्या पिशवीचं तोंड उघडवेना. त्याने ती बाकीच्या दहा नळ्यांच्या शेजारी ठेवली. चिठ्ठी होतीच. सगळ्यांसारखीच होती.

आणि उतार आला! संध्याकाळी आकडे बघताना तो रडला, ते दुःखाने नव्हे, आनंदाने, याची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. लागू पडत होतं! औषध लागू पडत होतं ताईला, नुसते दोन दिवस अजून निघायला हवे होते. दहा जणांत उतार म्हटला तर होता, म्हटला तर नव्हता; सातने सरासरी खाली ओढली. त्याने खोटं काही लिहिलं नाही. चिठ्ठीवर होतं ते लिहिलं. निबंध छापून आला, पहिल्यांदा चार जणांनी दखल घेतली, मग चाळीस जणांनी, मग ते लोण पसरत गेलं. काहींना आपल्या रुग्णांत उतार दिसला, काहींना नाही. आणि ज्यांना दिसला नाही त्यांनी आपल्याच हाताला दोष दिला. त्याच्या स्वतःच्या एका विद्यार्थिनीला चार वर्षं दिसला नाही. गुणी मुलगी, कामाला वाघीण. तो तिला म्हणायचा, तुझा हात अजून बसलेला नाही. शेवटी ती एक दिवस आली, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, सर, माझ्याच्याने नाही होणार. तिने शाळेत नोकरी धरली. तिच्या निरोपाला त्याने छान भाषण केलं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने बूटसुद्धा न काढता उत्तर लिहायला घेतलं. बाईंनीच वाट दाखवून ठेवली होती. एक ओळ, बस झालं. ‘होय, छत्तीस वर्षांच्या दोन स्त्रिया होत्या.’ लिहून झालं आणि तो त्या ओळीकडे बघत राहिला. कोण तपासणार होतं? वॉर्डाची रजिस्टरं वाळवीने खाल्ली होती, डॉक्टर जाऊन बारा वर्षं झाली. पाठवायचं बटण दाबायचं, शुक्रवारी हार घालून घ्यायचा, पाटीचा पडदा ओढायचा. पण त्या ओळीतली दुसरी बाई त्याला हळूहळू दिसायला लागली. एकोणिसाव्या दिवशी एक गेली. दुसरी विसाव्या दिवशी उठून बसली, थोडं पाणी प्यायली, एकविसाव्या दिवशी तिने हात पुढे केला आणि म्हणाली, शहाण्या, टोच. तिचा ताप उतरला होता. तिने ठकूला वर बोलावून घेतलं होतं. तक्त्यात ताई दोन दिवस जास्त जगली होती! हे त्याला आज कळत होतं असं नाही. एकतीस वर्षं तो जे जपत आला होता ते हेच असावं, उतार-बितार काही नव्हे, एवढे दोन दिवस. आणि ज्यांनी ज्यांनी म्हणून तो निबंध आपल्या यादीत घेतला, त्यांनी त्या दोन दिवसांवर सही केली होती.

तेवढ्यात फोन वाजला. सोमवार, म्हणजे ठकूच.

“मामा, किती?”

हे तिच्या नवव्या वर्षापासून चाललेलं. निबंध छापून आला तेव्हा त्याने तिला तो तक्ता दाखवला होता; बोट ठेवून म्हणाला होता, हा सात म्हणजे आई. आईचं नाव नाही लिहिता येत, तसा नियम आहे, पण कुणी हा निबंध काढला की आईची आठवण काढली असं समजायचं. “किती जणांनी काढली?” पोरीने विचारलं. “चार,” तो म्हणाला. पुढच्या सोमवारी तिने परत विचारलं. मग तो पायंडाच पडून गेला. तिची शाळा संपली तेव्हा सहाशे बारा होते. लग्नाच्या दिवशी, फोटो काढायला उभी असताना, त्याच्या कानाशी लागून तिने विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, दोन हजार एकशे चार. तिचे डोळे भरून आले आणि फोटो तसाच निघाला. ठकू आता एकोणचाळीसची झाली होती. ताईपेक्षा तीन वर्षांनी मोठी.

“एक्याण्णव,” तो म्हणाला.

“म्हणजे नऊच! मामा, शुक्रवारी मी दुकान बंद ठेवतेय. पोरींनाही आणतेय शाळा बुडवून. त्यांनी बघायला नको का आजीला काय मान आहे ते? पाटीवर तिचं नाव नसणार, ठाऊक आहे मला. मी समोर उभी राहून मनातल्या मनात घेईन.” मग थोडं थांबून म्हणाली, “तुझा आवाज का असा? सर्दी झालीय?”

“जराशी.”

“वाफ घे. आणि चष्मा दाखवायला ये म्हणून तीन महिने सांगतेय, शुक्रवारी पाटी वाचता आली पाहिजे.”

त्याने ओळ पाठवली नाही, खोडलीही नाही. मंगळवारी ती तशीच पडद्यावर होती. मंगळवारी संस्थेत ज्याला त्याला उत्साह आला होता. जिन्यात एकाने चौऱ्याण्णव म्हणून ओरडून सांगितलं, दुसऱ्याने टाळी दिली. जिन्यासमोरच्या भिंतीत सुतार भोकं पाडत होता, पांढरी धूळ सगळ्यांच्या बुटांवर बसत होती. त्याला वाटलं, सांगावं या सुताराला, बाबा रे, जरा थांब. पण सुताराला काय सांगणार? बुधवारी दुपारी त्याने संस्थेतून अर्धी रजा घेतली, ही गोष्ट नव्या लोकांना इतकी अजब वाटली की तब्येत बरी आहे ना म्हणून दोघांनी विचारलं. तो चालत ठकूच्या दुकानी गेला.

दुकान चौकाच्या कोपऱ्यावर. पुढे काचेत फ्रेमा मांडलेल्या, मागे पडदा ओढलेली अरुंद खोली, तिथे ती डोळे तपासायची. बाकावर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र नाकाला लावून बसले होते.

“अगं बाई, मामा! वाट कशी चुकलास?”

“चष्मा नीट लागत नाहीये.”

“लागत नाही की पुसत नाहीस?” तिने चष्मा त्याच्या नाकावरून काढूनच घेतला, अंगातल्या पांढऱ्या झग्याच्या टोकाने खसाखसा पुसला, उजेडात धरला. “बघ, अर्धा नंबर इथेच उतरला. ये आत. काका, पाच मिनिटं हं.” पडदा सारून तिने उंच खुर्ची फिरवली. “बस.”

तो क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग बसला. तिने त्याच्या नाकावर ती जड, गोल तपासणीची फ्रेम चढवली, दिवा मालवला. समोर तेवढी अक्षरांची पाटी उजळली. तिचा हात त्याच्या चेहऱ्याजवळ हलत होता, काच सरकवल्याचा टक आवाज यायचा, आणि तिचा श्वास ऐकू यायचा. ताई गेली तेव्हा ही आठ वर्षांची होती, आणि आता तिच्या मनगटाला हुबेहूब ताईचा वास येत होता; साबणाचा असेल, पण येत होता.

“हे बरं, की हे?”

“पहिलं.”

“आता? हे, की हे?”

“सारखंच.”

“सारखं नसतं कधी. नीट बघ.”

“ठकू,” तो त्या अक्षरांकडे बघत म्हणाला, “आई एकोणिसाव्या दिवशी गेली.”

“ठाऊक आहे की मला.”

“तक्त्यात एकवीस आहे.”

काच तिच्या हातातच राहिली. अंधार होता म्हणून त्याला बोलता आलं. डॉक्टरांचं वाक्य, चिठ्ठी, फ्रिज, पिवळी पिशवी, पेशी कशा आपोआप मरतात, बाईंचं पत्र, त्याने लिहिलेली ओळ, सगळं त्याने सांगितलं. कुणाला तरी शिकवतोय अशा एकसुरी आवाजात. मधे ती एकदाच म्हणाली, “म्हणजे?” तो म्हणाला, “म्हणजे उतार नव्हताच. होता असं म्हणायला आई लागली.”

बाहेर म्हाताऱ्यांनी पान उलटल्याचा आवाज आला.

“मग मी इतकी वर्षं सोमवारी काय विचारत होते?” ठकू म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. “चार होते तेव्हापासून विचारतेय मी. मला मोठं काही नको होतं मामा. एक सातचा आकडा होता, तेवढा पुष्कळ होता.” आणि मग एकदम, घाईघाईने, “नको सांगूस. ती बाईच म्हणतेय ना, एका ओळीत कळवा? कळवून टाक. कुणाचं काय जातंय? शुक्रवार तेवढा होऊ दे. पोरींना सांगून बसलेय मी.”

“कुणाचं काय जातंय म्हणतेस, एका पोरीची चार वर्षं गेली माझ्यासमोर. नसलेला उतार शोधत बसली, आणि मी तिला म्हणत होतो, तुझा हात बसला नाही.” त्याने फ्रेम तशीच नाकावर ठेवून डोळे मिटले. “आणि दोन बायका होत्या म्हणून लिहिलं, तर दुसरी कोण? एकविसाव्या दिवशी हात पुढे करणारी ती कोण? मी तिलाच धरून बसलो ठकू. ती तुझी आई नव्हे. तुझी आई एकोणीसच दिवस होती. त्यातला शेवटचा दिवस मी तिच्याकडून काढून घेतला, आणि तुलाही दिला नाही.”

ठकूने हातातली काच खाली ठेवली. मग तिने विचारलं, “तू होतास ना तिच्याजवळ, त्या दुपारी? मी खाली होते. मला म्हणालास झोपलीय.”

“होतो.”

“मला कधी कुणी सांगितलं नाही. काही म्हणाली ती?”

हा प्रश्न येणार याची तो एकतीस वर्षं वाट बघत होता. “म्हणाली, बस.”

“मग?”

“मला वाटलं, पुरे म्हणतेय. दोनदा टोचलं होतं मी. सुई काढली आणि निघालो. रक्त थांबत नाही असं म्हणालो तिला. ते पुढे दोन दिवस थांबलं.”

“आई ‘पुरे’ म्हणायची,” ठकू म्हणाली. ती आठवून आठवून बोलत होती, काळजीपूर्वक, काच लावतानाच्या आवाजात. “दूध ओतताना, पुरे. वेणी फार घट्ट झाली की, पुरे गं. मी प्रश्न विचारून भंडावलं की, आता पुरे. बस म्हणजे... बस म्हणताना ती खाटेवर हात थोपटायची. शेजारी. मी शाळेतून आले की.” एवढं बोलल्यावर आपण काय बोलून गेलो ते तिला कळलं. “मामा,” ती म्हणाली.

तो रडत होता. त्या जड फ्रेमच्या काचांमागे पाणी साचलं आणि समोरची अक्षरं विरघळून गेली. त्याला काही नवीन कळलं नव्हतं. तो तिचा भाऊ होता, वीस वर्षं एका घरात वाढला होता. ताई ‘पुरे’ म्हणते हे त्याला ठाऊक नव्हतं? तिचा डावा हात चादरीवर दोनदा हलला होता, तेही त्याने पाहिलं होतं. कापूस शोधतेय असं त्याने धरलं होतं.

ठकूने फ्रेम काढली, त्याचे डोळे आपल्या झग्याने पुसले, चष्मा पुसला होता तसेच. तीही रडत होती, पण हात तिचे नेहमीसारखे चालत होते. “आज लिही त्या बाईला,” ती म्हणाली. “एकोणीस लिही. शुक्रवारचं पोरींना मी सांगेन काय सांगायचं ते. फ्रिजचंही लिही, चिठ्ठीचंही लिही. पण आई काय म्हणाली ते लिहू नकोस. ते त्यांचं नाही.”

त्याने मान हलवली. खिसे चाचपले, रुमाल सापडेना. मग खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून तो उठायला लागला, पाय जमिनीला लागेनात, उंच खुर्ची ती.

“जातो मी. बाहेर ते काका खोळंबलेत तुझे.”

“खोळंबू देत,” ठकू म्हणाली. तिने आपलं स्टूल ओढून त्याच्या शेजारी घेतलं. “तू बस.”

तो बसला.